घरगुती गॅसऐवजी हायड्रोजन : नळीपासून शेगडीपर्यंतच्या अडचणी

ब्रिटनमधील सुमारे दोन कोटी तीस लाख घरांत नैसर्गिक वायू नळाने येतो. स्वयंपाकासाठी त्याचा वापर होतोच. परंतु त्याचे मुख्य काम घर ऊबदार ठेवण्याचे आहे. भिंतीवर बसविलेल्या बॉयलरमध्ये हा वायू जळतो, त्यावर पाणी तापते आणि ते गरम पाणी खोल्याखोल्यांतील धातूच्या पट्ट्यांमधून फिरून थंडीचे निवारण करते. वर्षातील पाच-सहा महिने ही व्यवस्था बंद पडून चालत नाही. वृद्ध माणसे व लहान मुले असलेल्या घरांत तर हा प्राणरक्षणाचाच प्रश्न असतो.

नैसर्गिक वायू जळताना कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. २०५० पर्यंत हरितगृह वायूंचे निव्वळ उत्सर्जन शून्यावर आणण्याचे बंधन ब्रिटनने २०१९ मध्ये कायद्याने स्वतःवर घालून घेतले. त्यामुळे एवढ्या घरांतील बॉयलरचे काय करावयाचे, हा प्रश्न उभा राहिला. हायड्रोजन जळाला असता पाण्याची वाफ तयार होते, कार्बन निर्माण होत नाही. मग रस्त्याखालच्या त्याच नळ्यांतून नैसर्गिक वायूऐवजी हायड्रोजन सोडला तर? लीड्स शहरासाठी अशा परिवर्तनाचा सविस्तर अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. नोव्हेंबर २०२० मध्ये ब्रिटिश शासनाने आपल्या दहा कलमी योजनेत प्रथम एक वस्ती, मग एक खेडे आणि दशकाच्या अखेरीपर्यंत एक संपूर्ण नगर हायड्रोजनवर नेण्याचा क्रम जाहीर केला. या क्रमातील खेड्याची पायरी प्रत्यक्षात आलीच नाही. ती का आली नाही याचा विचार ऊर्जेच्या क्षेत्रातील व्यक्तींना जसा उपयुक्त आहे, तसाच सार्वजनिक योजना लोकांच्या घरापर्यंत नेण्याचे काम ज्यांच्याकडे असते त्यांनाही उपयुक्त आहे.

पूर्वीचे परिवर्तन

हायड्रोजनच्या पुरस्कर्त्यांचा मोठा आधार इतिहासाचा होता. ब्रिटनने घरगुती गॅस एकदा बदललेला आहे. १९६० च्या दशकापर्यंत तेथील घरांत मुख्यतः दगडी कोळशापासून काढलेला वायू येत असे. त्यात निम्म्याच्या आसपास हायड्रोजन असे, हे विशेष. एकोणिसाव्या शतकात मुंबईच्या रस्त्यांवर जे गॅसचे दिवे लागले त्यांतही कोळशाचाच वायू जळत होता. हाँगकाँगमध्ये आजही घरोघर पुरविल्या जाणाऱ्या वायूत जवळजवळ निम्मा भाग हायड्रोजनचा असतो. तेव्हा चुलीशी हायड्रोजनचा संबंध सर्वस्वी नवा आहे असे म्हणता येणार नाही. नवी आहे ती कल्पना शुद्ध हायड्रोजनची.

१९६५ मध्ये उत्तर समुद्रात नैसर्गिक वायूचा साठा सापडला. कॅन्व्ही बेटावरील घरांत १९६६ मध्ये चाचणी घेण्यात आली आणि १९६७ ते १९७७ या दहा वर्षांत देशातील सुमारे एक कोटी तीस लाख ग्राहकांची साडेतीन कोटींच्या आसपास उपकरणे नव्या वायूसाठी बदलण्यात आली. कारागिरांच्या तुकड्या घरोघर गेल्या, प्रत्येक शेगडीचे व तापकाचे जेट बदलले गेले, जी उपकरणे बदलण्याजोगी नव्हती ती काढून टाकण्यात आली. शांततेच्या काळातील फार मोठ्या अभियांत्रिकी मोहिमांमध्ये तिची गणना होते.

परंतु हा दाखला देताना दोन गोष्टी बहुधा गाळल्या जातात. नैसर्गिक वायूची उष्णता कोळशाच्या वायूच्या दुपटीहून अधिक होती. म्हणजे तीच नळी, एकही फूट नवी न टाकता, दुप्पट ऊर्जा वाहू लागली. शिवाय कोळशाच्या वायूत कार्बन मोनॉक्साइड हे विष असे. नैसर्गिक वायू विषारी नव्हता. थोडक्यात, घरमालकाने दोन दिवसांची गैरसोय सोसली आणि त्याच्या पदरात अधिक चांगले इंधन पडले. हायड्रोजनच्या बाबतीत हा हिशेब उलटा होतो. घरमालकाला मिळणारी ऊब तीच राहते, गैरसोय होते आणि इंधन महाग पडण्याचा संभव असतो. लाभ होतो तो वातावरणाला, आणि तोही हायड्रोजन कोणत्या मार्गाने तयार केला यावर अवलंबून असतो.

दुसरी गोष्ट प्रशासनाची. त्या काळी गॅसचा सर्व कारभार एकाच सार्वजनिक यंत्रणेकडे होता. कारखाना, नळी, मीटर आणि कारागीर यांचा धनी एक होता. आज नळीची मालकी एका कंपनीकडे, गॅसची विक्री दुसरीकडे, बॉयलरचे उत्पादन तिसरीकडे आणि घरातील दुरुस्ती स्वतंत्र नोंदणीकृत कारागिरांकडे आहे. अशा कारागिरांची संख्या लाखाहून अधिक आहे. एखाद्या घरात हायड्रोजन आल्यानंतर शेगडी नीट पेटली नाही तर रहिवाशाने कोणाच्या दारी जावयाचे, हा प्रश्न १९६७ मध्ये उद्भवला नव्हता.

वायूचा स्वभाव

पुढील अडचणी समजण्यासाठी हायड्रोजनचे काही गुणधर्म लक्षात घेणे आवश्यक आहे. हा सर्वांत हलका वायू होय. एक घनमीटर नैसर्गिक वायूत जितकी उष्णता असते तिच्या सुमारे एक तृतीयांश उष्णता एक घनमीटर हायड्रोजनमध्ये असते. परंतु तो हलका असल्यामुळे त्याच नळीतून, त्याच दाबाखाली, जवळजवळ तिप्पट वेगाने वाहू शकतो. म्हणून नळीच्या टोकाशी पोहोचणारी ऊर्जा फारशी कमी होत नाही. निसर्गाची ही एक सोयीची तडजोडच म्हणावी लागेल.

मात्र जळण्याच्या बाबतीत त्याचा स्वभाव तापट आहे. हवेत नैसर्गिक वायूचे प्रमाण साधारणतः ५ ते १५ टक्के असेल तेव्हाच तो पेट घेतो. हायड्रोजन ४ टक्क्यांपासून ७५ टक्क्यांपर्यंत पेट घेऊ शकतो. त्याला पेटविण्यासाठी लागणारी ठिणगी नैसर्गिक वायूच्या मानाने दहा पटींहूनही लहान पुरते. त्याची ज्योत कित्येक पट वेगाने पसरते आणि दिवसाच्या प्रकाशात ती जवळजवळ दिसत नाही. जमेच्या बाजूस असे की, तो जळताना कार्बन मोनॉक्साइड तयार होत नाही. बंद खोलीतील सदोष तापकामुळे गुदमरून होणारे मृत्यू त्यायोगे टळतील. तथापि हवेतील नायट्रोजनची ऑक्साइडे उच्च तापमानामुळे तयार होतातच. तेव्हा धुरापासून संपूर्ण मुक्ती मिळेल अशी समजूत योग्य नाही.

रस्त्याखालची नळी

हायड्रोजनमुळे काही प्रकारचे पोलाद कालांतराने ठिसूळ बनते. अधिक दाबाच्या, लांब पल्ल्याच्या नळ्यांच्या बाबतीत ही चिंता खरी आहे. परंतु वस्तीतील कमी दाबाच्या नळ्यांबाबत ब्रिटनला एक अनपेक्षित लाभ झाला. जुन्या बिडाच्या नळ्या फुटून अपघात होत असल्यामुळे घरांपासून तीस मीटरच्या आतील अशा नळ्या काढून त्याजागी पॉलिएथिलीनच्या पिवळ्या नळ्या टाकण्याचा तीस वर्षांचा कार्यक्रम २००२ मध्ये हाती घेण्यात आला. त्यावेळी हायड्रोजनचा विचार कोणाच्या मनात नव्हता. पण पॉलिएथिलीनला हायड्रोजनची बाधा होत नाही. त्यामुळे रस्त्याखालचे काम आधीच बऱ्याच अंशी झालेले होते.

साठवणीचा प्रश्न यापेक्षा अवघड आहे. थंडीच्या दिवशी सकाळी सहा-सात वाजता लाखो बॉयलर एकदम सुरू होतात. नैसर्गिक वायूच्या व्यवस्थेत नळीतच दाबून भरलेला वायू या वेळी कामी येतो. त्याच नळीत त्याच दाबाने हायड्रोजन भरला तर साठलेली ऊर्जा एक तृतीयांशाहूनही कमी होते. मग साठा अन्यत्र करावा लागतो. इंग्लंडच्या ईशान्येस टीसाइड येथे जमिनीखालील मिठाच्या पोकळ्यांत १९७० च्या दशकापासून उद्योगांसाठी हायड्रोजन साठविला जात आहे. म्हणजे हे तंत्र अज्ञात नाही. पण अशा पोकळ्या मिठाचे थर जेथे असतील तेथेच करता येतात, आणि संपूर्ण देशाच्या हिवाळ्यास पुरेल इतका साठा करणे ही वेगळीच बाब आहे.

उंबरठ्याच्या आत

खऱ्या अडचणीस घराच्या उंबरठ्यापासून प्रारंभ होतो.

प्रथम मीटर. तिप्पट आकारमान मोजावयाचे असल्यामुळे जुना मीटर उपयोगाचा राहत नाही. त्यानंतर भिंतीतून व फरशीखालून गेलेल्या नळ्या. त्या तांब्याच्या असल्यास धातूला धोका नसतो. परंतु कित्येक घरांत त्या कोणत्या वर्षी, कोणी व कशा जोडल्या याची नोंदच नसते. जो सांधा नैसर्गिक वायूला घट्ट ठरतो तो सामान्यतः हायड्रोजनलाही घट्ट ठरतो. पण सांधा सैल असेल तर त्यातून निसटणाऱ्या हायड्रोजनचे आकारमान अधिक असते. म्हणून पाहणी करणाऱ्यास प्रत्येक घरातील दिसणारी व न दिसणारी नळी तपासावी लागते. लाकडी तक्तपोशी उखडावी लागेल, असे सांगितल्यावर घरमालकाचा चेहरा कसा होतो याची कल्पना कोणत्याही पाहणी कर्मचाऱ्यास असेल.

शेगडीची गोष्ट वेगळी. नैसर्गिक वायूच्या बर्नरमध्ये वायू छिद्रातून बाहेर पडण्यापूर्वीच त्यात थोडी हवा मिसळली जाते. हायड्रोजनची ज्योत इतक्या वेगाने धावते की, अशा बर्नरमध्ये ती छिद्रातून उलटी आत शिरून नळीतील मिश्रण पेटवू शकते. यास्तव हायड्रोजनची शेगडी निराळ्या रचनेची असावी लागते आणि तिची जवळजवळ अदृश्य ज्योत स्वयंपाक करणाऱ्यास कळेल अशी काही सोय तीत करावी लागते. बॉयलरमध्येही ज्योत विझल्याचे ओळखून गॅस बंद करणारी जी योजना असते ती बदलावी लागते. नैसर्गिक वायूच्या ज्योतीतून वाहणाऱ्या सूक्ष्म विद्युत्प्रवाहावरून ज्योत असल्याचे कळते. हायड्रोजनच्या ज्योतीत तो प्रवाह पुरेसा नसतो, म्हणून अतिनील किरण ओळखणाऱ्या संवेदकाचा किंवा तत्सम साधनाचा आश्रय घ्यावा लागतो. उत्पादकांनी असे बॉयलर तयार केले. गेट्सहेडजवळ लो थॉर्नली येथे २०२१ मध्ये हायड्रोजनवर चालणारी दोन घरे बांधून लोकांना दाखविण्यातही आली. म्हणजे उपकरण बनविणे अशक्य नाही. आहे त्या कोट्यवधी उपकरणांच्या जागी ते बसविणे हे खरे काम आहे.

सुरक्षिततेच्या अभ्यासाने आणखी एक प्रश्न पुढे आणला. ब्रिटिश शासनाच्या वतीने झालेल्या व २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मूल्यमापनात असे आढळले की, कोणतीही जादा उपाययोजना न केल्यास हायड्रोजनच्या घरांत स्फोटांपासून होणाऱ्या इजा नैसर्गिक वायूच्या मानाने जवळजवळ चौपट होऊ शकतील. मात्र योग्य उपाय योजल्यास हा धोका आजच्या पातळीवर ठेवता येईल. त्या उपायांत दोन ठळक होते. पहिला, मोठी गळती होताच प्रवाह आपोआप तोडणाऱ्या दोन झडपा. दुसरा, गॅसची उपकरणे अथवा नळ्या असलेल्या खोल्यांत शक्य तितक्या उंचावर, बंद करता येणार नाही असे १०० चौरस सेंटिमीटरचे वायुवीजनाचे भोक.

या भोकाच्या उंचीमागील कारण शिक्षकांना वर्गात सांगण्याजोगे आहे. आपल्याकडील सिलिंडरमधील गॅस हवेहून जड असतो. गळती झाल्यास तो फरशीलगत साचतो, म्हणून स्वयंपाकघरात खालच्या बाजूस झरोका असणे हिताचे. हायड्रोजन सरळ छताकडे जातो, म्हणून त्याची वाट वर ठेवावी लागते. परंतु थंड देशात असे भोक म्हणजे ऊब बाहेर घालविणारी कायमची खिडकी. एकीकडे शासन नागरिकांना घराच्या फटी बुजवा, भिंतींना अस्तर लावा असे सांगते आणि दुसरीकडे कारागीर येऊन भिंतीला भोक पाडतो, हा विरोध साध्या माणसाच्या नजरेतून सुटत नाही. असे भोक रहिवासी पहिल्याच हिवाळ्यात चिंध्या कोंबून बंद करतील, हे भाकित करण्यास तज्ज्ञाची गरज नाही. आणि ज्या उपायाची परिणामकारकता तो उपाय रहिवाशाने सहन करण्यावर अवलंबून आहे, तो आराखड्यात दिसतो तितका भक्कम नसतो.

एकाच दिवशी सगळी गल्ली

विजेवरील उपकरणाकडे वळावयाचे असेल तर एक घर आज वळते, शेजारचे घर पाच वर्षांनी. हायड्रोजनमध्ये ही मुभा नाही. एका नळीत एका वेळी एकच वायू असू शकतो. म्हणून रस्त्याखालच्या झडपा बंद करून वस्तीचे भाग पाडावे लागतात. त्या भागातील प्रत्येक घराचा पुरवठा तोडावा लागतो, जुना वायू बाहेर काढून नळीत हायड्रोजन भरावा लागतो आणि मग एकेका घरात जाऊन उपकरण तपासून पुरवठा सुरू करावा लागतो. त्यापूर्वी पाहणी व उपकरणे बसविणे यांसाठी वेगळ्या फेऱ्या झालेल्या असतात. तापकांची गरज नसते अशा उन्हाळ्याच्या महिन्यांतच हे काम करावे, असे लीड्सच्या अभ्यासात सुचविले होते. म्हणजे वर्षातील निम्मा काळ प्रशिक्षित कारागिरांना या कामावर लावता येत नाही.

आता असे समजा की, गल्लीतील चाळीस घरांपैकी एक कुलूपबंद आहे. एका घरात आजारी वृद्धा आहे आणि तिला परके लोक आत येणे नको आहे. एका घराचा मालक परगावी असून भाडेकरूला परवानगी देण्याचा अधिकार नाही. एकाने स्पष्ट नकार दिला आहे. ही तीन-चार घरे सुरक्षित रीतीने जोडली किंवा तोडली गेल्याशिवाय उरलेल्या छत्तीस घरांचे काम पुढे सरकत नाही. यावर उपाय म्हणून ब्रिटनने २०२३ च्या ऊर्जा कायद्यात अशा चाचण्यांसाठी घरात प्रवेश करण्याच्या अधिकाराची आणि त्याबरोबर ग्राहकसंरक्षणाची तरतूद केली. परंतु कायद्याने दार उघडता येते. रहिवाशाचा विश्वास कायद्याने मिळत नाही, हे त्याच वर्षी दिसून आले.

व्हिटबी व रेडकार

खेड्याच्या चाचणीसाठी दोन जागांचा विचार झाला. एक चेशायर परगण्यात एल्समिअर पोर्ट या नगराचा व्हिटबी नावाचा भाग आणि दुसरी ईशान्य किनाऱ्यावरील रेडकार. व्हिटबी येथे सुमारे दोन हजार घरे व आस्थापने हायड्रोजनवर न्यावयाची होती.

व्हिटबीच्या रहिवाशांना सुरुवातीस ही योजना जवळजवळ ठरलेल्या स्वरूपात कळली. पुढे कंपनीने पर्याय देऊ केला : ज्यांना हायड्रोजन नको त्यांना विजेची उपकरणे मिळतील. नैसर्गिक वायू चालू ठेवण्याचा पर्याय मात्र कोणालाच नव्हता, आणि वर सांगितलेल्या कारणामुळे तो असणे शक्यही नव्हते. रहिवाशांनी विचारलेले प्रश्न साधे होते. चाचणी संपल्यावर काय? बिल वाढल्यास कोण भरणार? घराची किंमत व विमा यांवर परिणाम होईल काय? भिंतीला भोके पाडावयाची काय? इतरत्र न झालेला प्रयोग आमच्याच घरांत का? यांपैकी काहींना समाधानकारक उत्तरे होती, काहींना नव्हती. उत्तरे जसजशी टप्प्याटप्प्याने मिळत गेली तसतसा संशय कमी होण्याऐवजी वाढत गेला. सभा झाल्या, विरोध संघटित झाला आणि जुलै २०२३ मध्ये, योजनेला भक्कम स्थानिक पाठिंबा नसल्याचे सांगून, शासनाने व्हिटबीची चाचणी सोडून दिली.

या रहिवाशांना प्रगतीविरोधी म्हणणे सोपे आहे, पण ते न्याय्य ठरणार नाही. स्वतःच्या घरात काय जळावे याविषयी त्यांचे मत शेवटी विचारले गेले, आरंभी नाही. ज्यांना गावसभेसमोर एखादी योजना मांडण्याचा प्रसंग येतो त्यांना या क्रमाचा अर्थ वेगळा सांगावयास नको.

रेडकारची चाचणी वेगळ्या कारणाने थांबली. डिसेंबर २०२३ मध्ये शासनाने जाहीर केले की, तेथे वापरावयाचा हायड्रोजन ज्या प्रकल्पातून मिळणार होता तो वेळेवर उपलब्ध होणार नाही. नळी होती, घरे होती, पण वायूच नव्हता. मे २०२४ मध्ये संपूर्ण नगराच्या चाचणीचा विचारही पुढे ढकलण्यात आला.

हायड्रोजन आणावयाचा कोठून?

रेडकारची अडचण ही सबंध विषयाची गुरुकिल्ली आहे. हायड्रोजन खाणीतून निघणाऱ्या कोळशासारखा सहज मिळत नाही. तो मुख्यतः तयार करावा लागतो. जगात आज वापरला जाणारा बहुतेक हायड्रोजन नैसर्गिक वायू व कोळसा यांपासूनच बनतो आणि तो बनविताना कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. तो कार्बन पकडून जमिनीखाली साठविला तर उत्सर्जन कमी होते, पण खर्च वाढतो आणि नैसर्गिक वायूवरील अवलंबन कायम राहते. दुसरा मार्ग विजेने पाण्याचे विघटन करण्याचा. एक किलो हायड्रोजनसाठी रासायनिक समीकरणाप्रमाणे नऊ लिटर शुद्ध पाणी लागते आणि पन्नास युनिटांहून अधिक वीज खर्च होते.

या विजेचा हिशेब पाहिला म्हणजे मूळ प्रश्न स्पष्ट होतो. पवनचक्कीपासून मिळालेल्या १०० युनिट विजेतून हायड्रोजन बनविताना सुमारे ३० युनिट खर्ची पडतात. उरलेल्यातून तो दाबून, साठवून, वाहून नेताना आणि बॉयलरमध्ये जाळताना आणखी घट होते. खोलीत पोहोचणारी उष्णता साठ युनिटांच्या आसपास राहते. तीच १०० युनिट वीज उष्णता-पंपाला दिली तर तो बाहेरच्या हवेतील उष्णता ओढून आत आणतो आणि खोलीला २५० ते ३०० युनिट उष्णता मिळते. म्हणजे तेवढ्याच उबेसाठी हायड्रोजनच्या मार्गाने चार ते पाचपट पवनचक्क्या उभाराव्या लागतील. या विषयावरील पन्नासहून अधिक स्वतंत्र अभ्यासांचा आढावा २०२४ च्या सुमारास प्रसिद्ध झाला; घरे तापविण्यासाठी हायड्रोजनचा मोठा वाटा असावा असा निष्कर्ष त्यांतून निघत नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये ब्रिटनच्या राष्ट्रीय पायाभूत सुविधा आयोगानेही इमारती तापविण्यासाठी हायड्रोजनला पाठबळ देऊ नये असा सल्ला दिला.

दुसऱ्या बाजूचे म्हणणे अगदीच टाकाऊ नाही. उष्णता-पंप महाग आहे, त्याला जागा लागते, जुन्या घरांत मोठ्या पट्ट्या बसवाव्या लागतात आणि कडाक्याच्या थंडीत विजेच्या तारांवर फार मोठा भार येतो. ही गैरसोयदेखील घरमालकालाच सोसावी लागते. पण ती एकेका घराने आपल्या सोयीने सोसता येते, हा फरक लहान नाही.

लहान प्रमाणावरील प्रयोग मात्र झाले आहेत. नेदरलँड्समधील लोखेम येथे २०२२ च्या अखेरीपासून बारा जुन्या, वारसा म्हणून नोंदलेल्या घरांत अस्तित्वातील नळ्यांतून हायड्रोजन देण्यात आला. स्कॉटलंडमधील फाइफ परगण्यात बकहेवन व मेथिल येथील सुमारे तीनशे घरांसाठी आखलेल्या प्रकल्पात जुन्या नळीला हात न लावता तिच्या शेजारी नवी नळी टाकण्यात आली. ज्याला हवे त्याने नवीला जोडून घ्यावे, नको त्याने जुन्या नळीवर राहावे. व्हिटबीत जी मुभा देता येत नव्हती ती येथे देता आली, पण त्यासाठी नळी दुहेरी टाकावी लागली. संपूर्ण देशात दुहेरी नळी टाकणे म्हणजे अस्तित्वातील नळ्यांचा उपयोग करण्याच्या मूळ युक्तिवादावर पाणी सोडणेच होय.

मिश्रणाचा मधला मार्ग

उपकरण न बदलता नैसर्गिक वायूत थोडा हायड्रोजन मिसळणे हा सोपा मार्ग. इंग्लंडमधील कील विद्यापीठाच्या परिसरात २०१९ पासून आणि नंतर विनलेटन या गावात साडेसहाशेहून अधिक घरांत आकारमानाने २० टक्क्यांपर्यंत हायड्रोजन मिसळून पुरविण्यात आला. शेगड्या व बॉयलर नेहमीप्रमाणे चालले. परंतु आकारमानाचा वीस टक्के हिस्सा उष्णतेच्या दृष्टीने जेमतेम सात टक्के भरतो. कार्बनची बचतही तेवढीच. वीसच्या पुढे गेले की पुन्हा शेगडी बदलण्याचा प्रश्न येतो. त्यामुळे हा मार्ग पुढच्या मुक्कामाकडे नेणारा जिना नसून तेथेच थांबणारा ओटा आहे.

भारतातील स्थिती

भारतात, आणि विशेषतः महाराष्ट्रात, घर तापविण्याचा प्रश्न बहुतांशी नाही. घरगुती गॅस म्हणजे स्वयंपाक. ग्रामीण भागात तो १४.२ किलोच्या सिलिंडरमधून येतो. या सिलिंडरमधील इंधन सामान्य तापमानास माफक दाबाखाली द्रवरूप राहते, म्हणूनच एवढ्याशा टाकीत महिन्या-दीड महिन्याचा स्वयंपाक मावतो. हायड्रोजन द्रवरूप होण्यासाठी उणे २५३ अंश सेल्सिअसपर्यंत थंड करावा लागतो. तेव्हा सिलिंडरच्या जागी हायड्रोजनचे सिलिंडर येतील अशी अपेक्षा ग्रामस्थांनी बाळगू नये आणि तशी अपेक्षा कोणी निर्माण करीत असल्यास कार्यकर्त्यांनी ती वेळीच दूर करावी.

जानेवारी २०२३ मध्ये केंद्र शासनाने १९,७४४ कोटी रुपयांच्या राष्ट्रीय हरित हायड्रोजन अभियानास मंजुरी दिली. २०३० पर्यंत दरवर्षी ५० लाख टन उत्पादनक्षमता गाठण्याचे त्याचे उद्दिष्ट आहे. महाराष्ट्र शासनानेही त्याच वर्षी आपले हरित हायड्रोजन धोरण स्वीकारले. या अभियानाचा रोख मुख्यतः खते, तेलशुद्धीकरण, पोलाद व जहाजवाहतूक यांकडे आहे, आणि तो योग्यच म्हटला पाहिजे. अलिबागजवळच्या थळ येथील खत कारखान्यात अमोनियासाठी नैसर्गिक वायूपासून हायड्रोजन बनविला जातो. अशा ठिकाणी हरित हायड्रोजन आला तर बदल कारखान्याच्या कुंपणाच्या आत, प्रशिक्षित कामगारांच्या देखरेखीखाली होतो. एकाही कुटुंबाच्या भिंतीला भोक पाडावे लागत नाही.

घरगुती नळातील गॅसमध्ये हायड्रोजन मिसळण्याचा प्रयोग सुरतजवळील कवास येथे, राष्ट्रीय औष्णिक विद्युत निगमाच्या वसाहतीत, जानेवारी २०२३ मध्ये सुरू झाला. पाण्यावर तरंगणाऱ्या सौर पट्ट्यांपासून मिळालेल्या विजेने तेथे हायड्रोजन तयार होतो. प्रारंभी आकारमानाने पाच टक्के मिश्रणास परवानगी देण्यात आली व पुढे ते प्रमाण आठ टक्क्यांपर्यंत नेण्यात आले. वसाहतीतील गृहिणींना शेगडी बदलावी लागली नाही, स्वयंपाकाची वेळही बदलली नाही. उष्णतेच्या हिशेबाने त्या पाच टक्क्यांचा वाटा दीड टक्क्याहून किंचित अधिक, आणि आठ टक्क्यांचा तीन टक्क्यांहून कमी आहे.